सहा विरुद्ध पाच

यवतमाळ, ८ जुलै १९६१

भीमराज,

कॉलेज उघडून आठवडा झाला. पहिले तीन दिवस मला वाटलं, पावसाने तुमच्या महागावकडची एस.टी. बंद असेल, येशील. चौथ्या दिवशी ऑफिसात गेलो. कारकुनाने रजिस्टर उलटून सांगितलं की तू जूनमध्येच दाखला काढून नागपूरला गेलास. बी.ए.चं शेवटचं वर्ष उरलेलं असताना कोणी कॉलेज बदलतं का? होस्टेलचा पत्ता खेमसिंगने दिला, तोही चार वेळा मागितल्यावर.

खेमसिंग म्हणतो तू माझ्यावर नाराज आहेस. का, ते सांगत नाही. मार्चमधल्या कॅप्टनच्या निवडीचं काही मनात असेल तर मला सरळ लिही. आपण अकरा जण होतो. बापूजी शिपायाने आपली टोपी पुढे केली, प्रत्येकाने चिठ्ठी टाकली, खेळाच्या सरांनी वाचल्या. सहा माझ्या, पाच तुझ्या. आदल्या दिवशी लोहाऱ्यापर्यंत पळून परत येताना मी तुला म्हटलं होतं, माझी चिठ्ठी तुला. तूही हसून म्हणालास, मंग माही तुले. बाकीच्यांनी काय केलं त्याला मी काय करणार? चिठ्ठी गुप्त असते.

दोन वर्षं आपण एका संघात बास्केटबॉल खेळलो. रिंगखाली तू आणि कोपऱ्यात मी. हे असं न सांगता जाणं तुला शोभत नाही. अजून प्रवेश बंद झालेले नाहीत. परत ये. कॅप्टन मी नावाचाच राहीन.

तुझा,
यज्ञेश्वर


यवतमाळ, २७ ऑगस्ट १९६१

भीमराज,

उत्तर नाही. अभ्यासात असशील.

इकडे मैदान नुसतं चिखल झालं आहे. मुरूम टाकला तो वाहून गेला. आम्ही रोलर ओढतो, चुन्याच्या रेघा मारतो, आणि दुपारी आभाळ येऊन सगळं पुसून जातं. बॉल पाणी पिऊन इतका जड होतो की रिंगपर्यंत पोचवताना खांदा भरून येतो.

तुझ्या जागी रामधन खेळतो. उंच आहे, मेहनती आहे. पण बॉल हातात आला की तो आधी माझ्याकडे बघतो, मग फेकतो. तोपर्यंत समोरचा माझ्या अंगावर येऊन उभा. तू कधी बघत नव्हतास. मी कोपऱ्यात पोचायच्या आत बॉल तिथे आलेला असायचा. मला वाटायचं माझी नेमबाजी चांगली आहे. या महिन्यात कळलं की मला नुसतं हात वर करायचं काम होतं.

मी कॅप्टन म्हणून काही सांगितलं की पोरं ऐकतात, करतात, पण कोणी उलट बोलत नाही. तू मला भर मैदानात शिव्या घालायचास, ते बरं होतं. खेमसिंग आणि गुलाबसिंग, दोघे राठोड, प्रॅक्टिस संपली की आपसात बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत सायकली काढतात. पूर्वी मी आलो की मराठीत बोलायचे.

शीला विचारत होती, कोणाला एवढी पत्रं लिहितोस दादा, आणि येत तर एकही नाही. बहिणी नको ते बरोबर मोजतात.

यज्ञेश्वर


यवतमाळ, २५ सप्टेंबर १९६१

भीमराज,

विद्यापीठ स्पर्धेतला पहिला सामना हरलो. अकोल्याच्या संघाशी, अठरा गुणांनी. दुसरा कसाबसा जिंकलो. गटात अजून जिवंत आहोत, एवढंच.

हरल्यापेक्षा परतीचा प्रवास वाईट झाला. आम्ही एस.टी.च्या मागच्या बाकांवर बसलो होतो. मी म्हटलं, रामधनने पास लवकर द्यायला हवे होते. गुलाबसिंग खिडकीतून बाहेर बघत होता. तो तसाच बघत म्हणाला, "भीमराज असता तं हे बोलाचं कामच नसतं पडलं."

मी म्हटलं, "तो गेला त्याला मी काय करू?"

तेव्हा त्याने मान वळवली. "आमी पाच जणानं त्याले चिठ्ठी दिलती. मी, खेमसिंग, रामधन आन ते दोघं." त्याने पुढच्या बाकाकडे बोट केलं. "निकाल लागल्यावर आमी पाचीजण त्याच्या खोलीवर गेलतो. पाच आमच्या. त्याच्याबी पाचच निंघाल्या. मंग तुही कुठं गेली?"

बस्स, एवढंच. नेर आलं, सगळे चहाला उतरले, मी बसून राहिलो.

तुला मी हे का कळवतो आहे, माझं मलाच समजत नाही. तुला तर हे मार्चपासून माहीत असणार. तू खोलीत त्या पाच जणांसमोर बसून हिशेब केला असशील. मी जुलैत जे पत्र पाठवलं ते तू कोणत्या तोंडाने वाचलंस, याचा विचार केला की अभ्यासाला बसलेला मी उठतो आणि अंगणात फेऱ्या मारतो. आई म्हणते, याला काय झालं आहे, बूड टेकत नाही.

यज्ञेश्वर


यवतमाळ, १८ ऑक्टोबर १९६१

भीमराज,

काल मोटार स्टँडवर तुझे वडील भेटले. डोमाजीबाबा आणि तुझी आई कांताबाई, दोघेही पांढऱ्या कपड्यांत, दसऱ्यासाठी दीक्षाभूमीला निघालेले. मी टाळून जाणार होतो. त्यांनीच हाक मारली.

"तुमी आमच्या भीमराजचे दोस्त ना? बॉलवाले?"

मी हो म्हटलं. त्यांना अहोजाहो करू नका म्हणालो, ते त्यांनी ऐकलं नाही. रस्त्याच्या कामावर मुकादम आहेत ना अजून? हाताला डांबर होतं. तो हात धोतराला पुसून त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला.

"पाच साल झाले आमाले धम्मात येऊन, दर साली जातो. अवंदा पोरगा तिथंच हाये तं त्याच्या खोलीवर उतरतो. तो म्हणते नागपुरात लायब्ररी मोठी हाये, म्हणून गेलो बाबा. आमाले वाटलं इथं काही भांडण झालं का काय. तं म्हणे नाही. म्हणे यज्ञेश्वर कॅप्टन झाला, चांगलं झालं, तोबी त्या लायकीचाच हाये."

तुझी आई म्हणाली, "पोराचं तोंड उतरलं हाये बाबू. तुमी भेटाले जात जा."

त्यांची गाडी लागली. मी त्यांची वळकटी वर टपावर चढवून दिली आणि घरी न येता गोधनी रोडने चालत सुटलो. चालता चालता ठरवलं की आता लिहायचंच.

चिठ्ठीवर मी माझंच नाव लिहिलं.

लिहिलं आता. वाटलं होतं लिहिल्यावर हलकं वाटेल. नाही वाटत.

का लिहिलं, तेही सांगतो. निवडीच्या दिवशी सकाळी जेवताना मी वडिलांना सांगितलं की बहुतेक तू कॅप्टन होशील. अण्णा कचेरीच्या घाईत होते. ताटावरून मान न उचलता म्हणाले, "म्हणजे आता तू त्यांच्या हाताखाली खेळणार." रागाने नाही म्हणाले. पाऊस येईलसं दिसतं, असं म्हणावं तसं. दुपारी बापूजीच्या टोपीसमोर उभा राहिलो तेव्हा ते वाक्य माझ्या डोक्यात होतं असं मी स्वतःला सांगत आलो आहे. खरं म्हणजे तेवढंच नव्हतं. मलाही व्हायचं होतं. कॉलेजच्या हॉलमध्ये फळ्यावर कॅप्टनचं नाव रंगवतात, ते मला हवं होतं.

आणि हेही म्हणायचं आहे: स्वतःला मत कोण देत नाही? "माही तुले" असं तू हसत म्हणालास. मी ते थट्टेत घेतलं. तूही तुझंच नाव लिहिलं असशील. मग मी तेवढाच वाईट ठरतो, जेवढा तू. फरक इतकाच की मी बोलून दाखवलं होतं.

ही शेवटची चार वाक्यं खोडणार होतो. राहू देतो. असाही आहे मी, ते तुला कळू दे.

यज्ञेश्वर


यवतमाळ, २९ नोव्हेंबर १९६१

भीमराज,

तुझं कार्ड मिळालं. दीड ओळ. "पत्रं मिळाली. फायनलला भेटू." शीलाने ते मला आणून दिलं आणि मी वाचेपर्यंत दारातच उभी राहिली. मी ते खिशात घातलं तर म्हणाली, "चांगलं आहे की वाईट, तेवढं तरी सांग." मलाच ठरवता आलं नाही.

आम्ही फायनलला कसे आलो ते तुला कळलं असेल. सेमीफायनलमध्ये खेमसिंगचा पाय मुरगळला होता तरी तो शेवटपर्यंत खेळला. तीन दिवस त्याला मैदानावर सायकलवरून आणतो आहे. मीच आणतो. तो मागे बसतो, माझ्याशी अजून फारसं बोलत नाही.

तुमच्या कॉलेजने वर्ध्याला चोवीस गुणांनी हरवलं, त्यातले एकोणीस तुझे, हे पेपरात वाचलं. सर म्हणाले, "भीमराजला तूच धर. त्याची सवय तुलाच माहीत आहे." पोरांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं.

तुझी सवय मला माहीत आहे. तू डावीकडे एकदा मान टाकतोस आणि उजवीकडे जातोस. मी ते पोरांना शिकवलं. शिकवताना कसंनुसं झालं, तरी शिकवलं. कॅप्टन आहे ना.

जेवण जात नाही. पुस्तक उघडलं की त्यात मैदान दिसतं. दहा तारखेला अमरावती.

यज्ञेश्वर


यवतमाळ, १३ डिसेंबर १९६१

भीमराज,

तू होतास तिथे, मग मी सामना काय सांगणार? तरी लिहितो, कारण शील्ड आमच्याकडे आली आहे आणि इथे जो तो मला विचारतो की शेवटी काय झालं. मी प्रत्येकाला निराळं सांगितलं. तुला एकच सांगता येईल.

एकेचाळीस चाळीस, आम्ही एकाने पुढे. दहा-बारा सेकंद उरले होते. बॉल तुझ्याकडे होता. तू डावीकडे मान टाकलीस आणि डावीकडेच गेलास. म्हणजे तुला ठाऊक होतं की मला ठाऊक असेल. मी पालथा हात मारला. बॉल माझ्या मधल्या बोटाच्या टोकाला लागून रेघेबाहेर गेला. नखाखाली अजून दुखतं आहे.

शिट्टी झाली. पंच दुसऱ्या बाजूला होते, त्यांनी बॉल आम्हाला दिला. तुमची पोरं ओरडली. तू ओरडला नाहीस. तू माझ्याकडे बघत उभा राहिलास, हात कमरेवर, जसा प्रॅक्टिसमध्ये माझी चूक झाली की उभा राहायचास. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मला एक शब्द बोलायचा होता. पंचांना नुसता हात वर करून दाखवायचा होता. मागून रामधन ओरडला, "यज्ञेश्वर, बॉल घे." मी घेतला. गुलाबसिंगकडे फेकला. वेळ संपली.

हात मिळवायच्या रांगेत तू माझा हात धरून ठेवलास.

"बॉल तुह्या बोटाले लागला होता."

मी म्हटलं, "मंग पंचाले सांगितलं काहून नाही?"

"मी कायले सांगू? बॉल तं तुले लागला होता."

मी हात सोडवायला गेलो. तेव्हा तू जे बोललास ते मी तीन दिवस मनात घोळवतो आहे. तू म्हणालास, "तुह्या पत्रात एक गोष्ट खोटी हाये. मी माहं नाव नव्हतं लिहिलं. मी तुलेच दिलती चिठ्ठी."

रांग पुढे सरकली. तू गुलाबसिंगला मिठी मारलीस.

पाच जण तुझ्या बाजूचे. चार माझ्या बाजूचे. माझी एक, तुझी एक. मी तुझ्याच मताने जिंकलो. अमरावतीहून येताना एस.टी.त शील्ड माझ्या मांडीवर होती. पोरं गात होती, मीही तोंड हलवत होतो.

यज्ञेश्वर


यवतमाळ, ४ जानेवारी १९६२

भीमराज,

सांगून टाकलं.

प्राचार्यांच्या खोलीत सत्काराचा चहा होता. सगळा संघ, सर, बापूजी. प्राचार्यांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हटलं, शेवटचा बॉल मला लागून बाहेर गेला होता, तो त्यांचा होता. आणि मार्चमध्ये मी भीमराजला शब्द देऊन चिठ्ठीवर माझं नाव लिहिलं. मी कॅप्टन नाही. एवढं बोलून मी खाली बसलो. कप वाजत होते ते थांबले.

सर म्हणाले, "पंचांचा निर्णय तो निर्णय." मी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला माझ्या सहीने पत्र पाठवलं, त्यांचंही तेच उत्तर आलं. निकाल कायम. शील्ड इथेच.

मला वाटलं होतं निदान ते पाच जण बरं म्हणतील. बाहेर आल्यावर गुलाबसिंगने माझी कॉलर धरली. तो एवढा चिडलेला मी कधी बघितला नव्हता.

"तुह्या मनाचं ओझं उतरलं ना? आन आमचं काय? खेमसिंग सुजलेल्या पायानं खेळला. आता गावभर म्हणून राह्यले का चोरून जिंकले. तुले सांगाचं होतं तं मैदानावर सांगाचं होतं. तवा सांगितलं असतं तं आमी हरलो असतो, पण मान वर करून घरी आलो असतो."

खेमसिंगने त्याला मागे ओढलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "सोड. त्यानं खरं सांगितलं, पण टाइम पाहून सांगितलं." मग लंगडत सायकलपर्यंत गेला. त्या दिवशी त्याने मला सायकल चालवू दिली नाही.

ते दोघे बरोबर आहेत. मैदानावर हात वर करायला एक सेकंद लागला असता. तो सेकंद मी घेतला नाही आणि नंतर चहाच्या टेबलावर दहा दिवसांनी घेतला, जिथे माझं काहीच जाणार नव्हतं.

घरी अण्णांना कळलं. संध्याकाळी माझ्या खोलीत आले, खुर्चीवर बसले. "मी त्या दिवशी जेवताना काही बोललो होतो का?" असं विचारलं. त्यांना आठवतही नव्हतं. मी वाक्य सांगितलं. ते बराच वेळ आपला चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "मी सहज बोललो असेन." मी म्हटलं, "हो. सहजच बोललात. आणि मी सहजच लिहिलं." ते उठून गेले. दोन दिवस आमच्यात बोलणं नाही.

रविवारी मी नागपूरला येतो आहे. तू भेटला नाहीस तरी चालेल.

यज्ञेश्वर


यवतमाळ, ९ जानेवारी १९६२

भीमराज,

पोचलो. गाडीला उशीर झाला नाही.

तू होस्टेलच्या फाटकापर्यंत आलास तेव्हा मी पाठ केलेलं सगळं विसरलो. माफी मागायला तोंड उघडलं आणि तू म्हणालास, "माफी नको मागू. तू मागशील तं मले द्या लागन. माह्याजवळ आता नाही हाये." इतकं साधं कोणी मला बोललं नव्हतं. तेव्हापासून मी तो शब्द तोंडात आणलेला नाही. इथेही आणत नाही.

मग तू मला मेसमध्ये नेलंस. लांब सतरंज्या, साठ-सत्तर पोरं, वाढपी वरणाची बादली घेऊन पळतो आहे. तू मला तुझ्या शेजारी बसवलंस. कोणीतरी विचारलं, हा कोण, तर तू म्हणालास, "यवतमाळचा कॅप्टन." मी मान वर केली नाही. जेवताना तू हळूच विचारलंस, "तुह्या घरी मी दोन साल येत होतो. आतून तुहं घर कसं हाये?"

मी आठवायला लागलो. दोन वर्षांत तू आलास, हाक मारलीस, ओट्यावर बसलास, पाणी आईने ओट्यावर आणून दिलं, आणि आपण मैदानावर गेलो. दर वेळी. मला हे कधी दिसलंच नाही. मी तुला सांगितलं, पुढची खोली, मग माजघर, मग स्वयंपाकघर. तू ऐकून घेतलंस आणि वरणाची वाटी माझ्याकडे सरकवलीस. भीमराज, चिठ्ठी तर मी मार्चमध्ये लिहिली. त्याआधी दोन वर्षं मी काय करत होतो?

निघताना तू म्हणालास की इथेच लॉ करणार, यवतमाळला परत येणार नाहीस. बॉल खेळत राहशील. आणि पत्राचं विचारलं तेव्हा म्हणालास, "मनात येईन तवा लिहीन."

आल्यावर आईला आणि अण्णांना मेसमधलं सगळं सांगितलं, तुझ्या प्रश्नासकट. आई उठून आत गेली. अण्णांनी तेवढं विचारलं, लॉला कधी जाणार तो. शीला म्हणाली, "दादा, त्यांना आपल्याकडे जेवायला बोलवायचं का?" मी म्हटलं, बोलावणारा मी कोण, येणं न येणं त्याच्या हातात आहे. तरी तिच्या सांगण्यावरून लिहितो: आमच्याकडे जेवायला ये. आत.

तुझ्या पत्राची वाट बघणार नाही असं वर लिहिणार होतो, तुझ्यावर ओझं नको म्हणून. ते खोटं झालं असतं. बघणार आहे.

यज्ञेश्वर